फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलला, थेंब मात्र चालूच

शनिवार सकाळ. कमोडवरच्या सिरॅमिक टाकीत नवा फिल व्हॉल्व्ह (टाकीत पाणी भरणारा) बसवला होता. टाकी पटकन भरते, आवाजही कमी. पण रोज सकाळी खालची फरशी तळहाताएवढी ओली. थेंब पडतो साधारण पाच सेकंदांनी. 20 थेंबांचा 1 मिलि धरला तर दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी गेलं.

पहिला संशय घामावर, कारण पावसाळ्यात सिरॅमिकला घाम फुटतोच. पण घाम सगळ्या टाकीला येतो आणि इथे बाकीची टाकी कोरडी ठणठणीत.

मग टाकीत खायचा लाल रंग टाकला. तासाभराने पॅनमधलं पाणी स्वच्छ, म्हणजे फ्लशचं सील ठीक. फरशीवरचा थेंब मात्र गुलाबी! ही खूण लाखमोलाची. कनेक्शन पाइप किंवा अँगल कॉक (भिंतीवरचा छोटा नळ) गळत असता तर थेंब बिनरंगी आला असता, कारण ते पाणी अजून टाकीत पोचलेलंच नसतं. रंगीत थेंब म्हणजे टाकीच्या तळाच्या भोकातून. टाकीच्या बोल्टांना टिश्यू पेपर लावून पाहिला, कोरडा निघाला. उरला व्हॉल्व्हचा वॉशर.

हार्डवेअरवाला म्हणाला, ‘साहेब, एम-सील लावून टाका, दहा वर्षं बघायला नको.’ नको रे बाबा. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह काढायचा कसा? टेफ्लॉनचाही इथे उपयोग नाही. खालचा नट फक्त आवळून धरतो, पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर. आट्यांवर कितीही टेप गुंडाळा, वॉशर नीट टेकला नाही तर गळणारच.

दुपारी अँगल कॉक बंद करून फ्लश केला, उरलेलं पाणी स्पंजने टिपलं आणि व्हॉल्व्ह सोडवला. वॉशर नवा कोरा. पण भोकाभोवती क्षाराचं पांढरं कडं, बोटाला खरखरीत लागणारं. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्याची कृपा. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं आणि जुन्या टूथब्रशने घासलं. उरलेलं प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडलं. पटाशी किंवा पाना तिथे लावू नका, काठाचा टवका उडाला की टाकीच गेली.

वॉशर शंकूसारखा असेल तर निमुळती बाजू भोकाकडे. नट हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, बस. आवळताना दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह आतून धरायचा, नाहीतर तो फिरतो आणि फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) टाकीच्या भिंतीला अडकतो.

रविवार. रात्रभर खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद सकाळी कोरडा. आता पाण्याची पातळी बघायची आहे. ती ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी पॅनमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडापासून इंचभर खाली हवी, सध्या फारच जवळ आहे. संध्याकाळी फ्लोटचा स्क्रू थोडा फिरवतो.