पुस्तक घरात असताना पाच दिवस ऐकायला कशाला जायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘बोधिचर्यावतारा’च्या शिबिराला मी जाऊन आले हे कळल्यापासून भेटेल तो हेच विचारतो: ग्रंथ तुमच्या कपाटात आहे, संस्कृतही थोडंफार येतं, मग पाच दिवस मांडी घालून तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची काय गरज? प्रश्न रास्त आहे. जाण्याआधी मलाही तो पडला होता.

ग्रंथ शांतिदेव या बौद्ध आचार्यांचा, आठव्या शतकातला, नालंदेचा. दहा परिच्छेद, नऊशेहून जास्त श्लोक. सगळ्या जिवांचं दुःख दूर व्हावं म्हणून बुद्ध होण्याची जी इच्छा, तिला बोधिचित्त म्हणतात. ती मनात कशी रुजवायची आणि रुजल्यावर कशी जपायची, हा त्याचा विषय. परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केलेली, प्रज्ञाकरमतीच्या पंजिकेसह, म्हणजे जुन्या संस्कृत टीकेसह, १९६० साली दरभंग्याहून निघालेली आवृत्ती माझ्याकडे कित्येक वर्षं आहे. तिच्यात पेन्सिलीच्या खुणा आहेत. घोळ त्या खुणांतच होता.

खुणा केल्या होत्या त्या मला आवडलेल्या श्लोकांवर. ‘उपाय असेल तर खिन्न कशाला व्हायचं, आणि उपाय नसेल तर खिन्न होऊन काय मिळणार’, हा सहाव्या परिच्छेदातला श्लोक मी कितीजणांना ऐकवला असेल! पाचव्यातला चामड्याचा दृष्टांतही तसाच: सारी पृथ्वी झाकायला चामडं कुठून आणणार, आपल्या पायातल्या वहाणेपुरतं चामडं असलं की पृथ्वी झाकल्यासारखीच. हे श्लोक सुंदरच आहेत. पण घरी वाचताना बोचणारा श्लोक आला की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जात. आपण काहीतरी गाळतोय हेही लक्षात येत नसे.

शिबिरात गाळता येत नाही. आमचे गुरुजी तिबेटी परंपरेतले वृद्ध भिक्षू होते. रोज दोन सत्रं. आसनावर बसण्याआधी ते स्वतः त्या आसनासमोर तीनदा साष्टांग नमस्कार घालत. तो मान शिकवणुकीचा, बसणाऱ्या माणसाचा नव्हे. मग शरणगमन, बोधिचित्ताची प्रार्थना, आणि काल थांबलो तिथून पुढचा श्लोक. ते दोन-तीन मिनिटं तिबेटीत बोलत, मग दुभाषी सांगे. पहिल्या दिवशी ती मधली मिनिटं मला फुकट गेल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी उमगलं की खरं काम त्यांतच होतंय. कानावर न कळणारी भाषा, समोर एकच श्लोक, आणि त्याच्याकडे बघत राहण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही. घरी कुठल्याही श्लोकाला मी इतका वेळ दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सहावा परिच्छेद लागला. क्षांतिपारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता, १३४ श्लोक. इथे थोडं माझं सांगावं लागेल. दोन वर्षांपूर्वी एका जवळच्या मैत्रिणीने माझी खासगी गोष्ट चार लोकांत सांगितली, वर स्वतःची भरही घातली. माझं नाव खराब झालं. मी तिच्याशी बोलणं टाकलं, पण मनातल्या मनात रोज भांडत होते. शिबिरातही मी हे भांडण सोबत घेऊनच गेले होते.

आणि बाविसावा श्लोक आला:

पित्तादिषु न मे कोपो महादुःखकरेष्वपि ।
सचेतनेषु किं कोपः तेऽपि प्रत्ययकोपिताः ॥

पित्त वगैरे मला एवढं दुःख देतात तरी त्यांच्यावर मी रागावत नाही. मग सजीवांवरच राग का? तेही कारणांनीच कोपलेले असतात. दुभाष्याला हे बरंच उलगडून सांगावं लागलं, आम्हा मराठी माणसांना मात्र ते आयतं मिळालेलं आहे. आपल्याकडे पित्त खवळतं आणि माणूसही खवळतो, क्रियापद एकच. पित्त खवळलं की आपण जागरण झालं का, काय खाल्लं, उन्हात फिरलो का हे शोधतो, पित्ताला शिव्या देत बसत नाही. माणूस खवळला की शोध संपतो आणि शिव्या सुरू होतात. हा श्लोक मी पूर्वी दहादा वाचला असेल, पण मैत्रिणीला त्यात कधी बसवून पाहिलं नव्हतं.

तरीही इथवर मी तिलाच तपासत होते. दुपारच्या सत्रात त्र्याण्णवावा श्लोक आला. मातीचं घर मोडलं की मूल जसं टाहो फोडतं, तसं स्तुती आणि यश गेलं की माझं मन मला दिसतं, असं शांतिदेव म्हणतात. ‘स्वचित्तं’, माझं स्वतःचं मन. ते दुसऱ्या कुणाला बोट दाखवत नाहीत. तिबेटी आवाज चालू होता आणि मी त्या एका शब्दाकडे बघत होते. माझ्या प्रतीत या श्लोकावर खूण नव्हती. दोन वर्षं मी ज्याला विश्वासघाताचं दुःख म्हणत होते, त्यातला मोठा वाटा मोडलेल्या मातीच्या घराचा होता. मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

म्हणून मी मैत्रिणीला क्षमा केली असं समजू नका. तेवढं झालेलं नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी तिची आठवण आली तेव्हा पाठोपाठ ‘तेऽपि प्रत्ययकोपिताः’ हे शब्दही आले, मी न बोलावता. अजूनही बहुतेक वेळा येतात.

सगळंच पटलं असंही नाही. आठव्या परिच्छेदात आसक्ती तोडण्यासाठी शरीराची, त्यातही स्त्रीशरीराची किळस जागवणारे श्लोक ओळीने येतात. घरी मी ते उलटून टाकत असे. तिथे ते एकेक करून ऐकावे लागले. प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं. गुरुजी म्हणाले, ऐकणारे पुरुष भिक्षू होते म्हणून तसं आहे. ऐकणारी स्त्री असेल तर तिने पुरुषाच्या शरीराचा तसाच विचार करावा. उत्तर मला मान्य आहे, अस्वस्थता मात्र गेलेली नाही. पण त्याच परिच्छेदात पुढे ‘स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेव’ हा ग्रंथाचा गाभा येतो. तिथवर त्या श्लोकांतून चालत गेल्यामुळे तो मला वेगळा दिसला हे नाकारणार नाही.

विपश्यनेसारखं असतं का, असंही काहीजण विचारतात. नाही. आमच्याकडे मौन नव्हतं, ध्यान थोडं होतं, मुख्य काम ऐकण्याचं आणि विचार करण्याचं. बौद्ध परंपरा प्रज्ञेचे तीन प्रकार सांगते: ऐकून येणारी, चिंतनातून येणारी आणि भावनेतून, म्हणजे ध्यानाच्या सरावातून येणारी. आपण पहिलीला उगाच कमी लेखतो. हा ग्रंथ तर ऐकण्यातूनच आला आहे. आख्यायिका अशी की शांतिदेव नुसते खाऊन झोपतात अशी नालंदेच्या भिक्षूंची समजूत होती. फजिती करायला त्यांनी त्यांना सभेत बसवलं. ‘जुनं म्हणू की नवं?’ असं विचारून शांतिदेवांनी हाच ग्रंथ म्हटला. नवव्या परिच्छेदात ‘यदा न भावो नाभावो’ या श्लोकाशी आल्यावर ते आकाशात दिसेनासे झाले आणि उरलेलं नुसतं ऐकू आलं. पुढे कुणाला किती श्लोक आठवतात यावरून वाद झाला म्हणतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी चीनमधल्या दुनहुआंगच्या जुन्या हस्तलिखितांत याचं नऊ परिच्छेदांचं लहान रूप खरोखरच सापडलं आहे.

तो नववा परिच्छेद शून्यतेचा. मला फारच थोडा कळला, त्यामुळे त्यावर बोलत नाही. वेळही उरला नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी गुरुजींनी भाष्य थांबवलं आणि उरलेले श्लोक भराभर नुसते वाचले. मूळ शब्द गुरूच्या तोंडून कानावर पडले की परंपरा पोचली असं त्यांच्याकडे मानतात. विसाव्या शतकात हिमाचलातल्या किन्नौरच्या खुनू लामांनी दलाई लामांना या ग्रंथाची दीक्षा दिली ती १९६७ साली, आणि तीही अशाच मुखपरंपरेने चालत आलेली होती. पाऊण तास एक थकलेला आवाज धावत होता आणि सभागृहात कुणी हललं नाही.

दहावा परिच्छेद संपला. आता पुण्यार्पण होईल म्हणून आम्ही हात जोडले. गुरुजींनी पोथीची पानं उलटून परत सुरुवातीला आणली आणि पहिले दोन श्लोक पुन्हा वाचले, पुन्हा भेट व्हावी म्हणून. दुसऱ्यात शांतिदेव म्हणतात, इथे अपूर्व असं काही सांगायचं नाही, स्वतःचं मन सुवासित करायला मी हे रचलं. शब्द आहे ‘वासयितुं’. फुलांत ठेवलेल्या तिळांना वास लागतो, तसं. मी माझी प्रत उघडली आणि त्या ओळीवर खूण केली.