शिधापत्रिका मिळाली, धान्य अकरा महिन्यांनी

२०२३ मध्ये माझे पती वारले, तेव्हा माझे आणि दोन्ही मुलांचे नाव सासऱ्यांच्या जुन्या शिधापत्रिकेवरच होते. ते कार्ड प्राधान्य कुटुंब योजनेतील असल्याने माणशी ५ किलो या हिशेबाने आमच्या वाट्याचे १५ किलो धान्य दरमहा घरात येत असे. परंतु चूल वेगळी झाल्यावर ते दिरांकडे जाऊन मागून आणण्याची पाळी येऊ लागली, म्हणून मी विभक्त कार्ड काढण्याचे ठरविले. दिरांनी पहिल्याच दिवशी शंका काढली होती, "वहिनी, इथली नावे कमी झाली की पंधरा किलो बंद होणार हे नक्की. नव्या कार्डावर ते कधी सुरू होणार, हे कोण सांगणार?" त्यांना धान्य सोडवत नाही, असा अर्थ मी तेव्हा काढला. तो चुकीचा होता.

कागदपत्रांचा भाग मी समजत होते तेवढा अवघड नव्हता. पतीचा मृत्यू दाखला, नावे कमी केल्याचा दाखला, आधारच्या प्रती आणि उत्पन्नाचा दाखला एवढे जमवायला दीड महिना लागला. तहसीलच्या फाटकाबाहेर एका एजंटाने अडीच हजारांत 'सगळे करून देतो' असे सांगितले होते. माझे शिक्षण पदवीपर्यंत झालेले असल्यामुळे म्हणा किंवा अडीच हजार नसल्यामुळे म्हणा, मी अर्ज स्वतःच भरला. शिवणकामातून होणारे माझे वार्षिक उत्पन्न ३६,००० रुपये असल्याचा दाखला मिळाला. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये आहे. तीनशे रुपये रोजाने वर्षातले दीडशे दिवस काम मिळाले, तरी एकटा मजूर ४४,००० च्या पुढे जातो. त्यामुळे तलाठ्यांपुढे खरे उत्पन्न सांगताना माणसे का चाचरतात, हे रांगेत उभे राहिल्यावरच कळते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये क्यूआर कोड असलेली ई-शिधापत्रिका हाती आली. अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते, त्यामुळे कुटुंबप्रमुख म्हणून त्यावर माझेच नाव होते. मला त्याचे अप्रूप वाटले. पुढच्या आठवड्यात पिशवी घेऊन दुकानात गेले, दुकानदारांनी पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा घेऊन धान्याची नोंद करणाऱ्या यंत्रावर, कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकला आणि ते म्हणाले, "कार्ड केशरी आहे, पण प्राधान्यात घेतलेले नाही. तुमच्या नावावर धान्यच दिसत नाही."

तहसीलच्या पुरवठा शाखेतील लिपिकांनी मला एकच शब्द सांगितला: इष्टांक. "ताई, कार्ड होणे वेगळे आणि धान्य सुरू होणे वेगळे. तालुक्याचा इष्टांक भरलेला आहे." हा शब्द मी त्यापूर्वी ऐकलेला नव्हता. इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचे याची ठरलेली संख्या. ती २०१३ च्या याच अन्न सुरक्षा कायद्याने राज्यांना ठरवून दिली असून ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. महाराष्ट्राला ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा आहे आणि तीच पुढे जिल्ह्यांत व तालुक्यांत वाटली जाते. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे लोकसंख्या वाढली तरी ही संख्या तेथेच थांबली. म्हणजे पात्र असूनही, यादीतील कोणी मरण पावल्याशिवाय, गाव सोडून गेल्याशिवाय किंवा अपात्र ठरल्याशिवाय नव्या माणसाला जागा नाही. विधवांच्या कुटुंबांचा विचार अंत्योदयमध्ये, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांसाठीच्या योजनेत, होऊ शकतो, म्हणून तेही विचारले. तेथील इष्टांक त्याहून घट्ट होता. जुन्या कार्डावरून कमी झालेली आमची तीन नावे आमच्याच नावावर परत का येऊ नयेत, या प्रश्नावर मात्र मला सरळ उत्तर मिळाले नाही. मी तसा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. दर महिन्याला ती पोच दाखवून चौकशी करणे, हाच पुढचा उद्योग झाला.

त्या काळात किराणा दुकानातून ४५ रुपये किलोने तांदूळ घेताना, जो आम्हाला काही महिन्यांपूर्वी फुकट मिळत होता, मनात काय येई ते वेगळे सांगत नाही. लाभार्थ्यांची यादी जाहीर असते, म्हणून मी ती वाचून काढली. तीत आमच्या गल्लीतील, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका आजींचे नाव होते. त्यांनीच मला काजे-बटणे करायला शिकवले होते. ते नाव मी कार्यालयात सांगावे की नाही, याचा निर्णय माझ्याकडून झाला नाही. पुढे ई-केवायसीच्या मोहिमेत, म्हणजे प्रत्येक सदस्याचे बोट मशीनवर पडताळून घेण्याच्या कामात, अशी नावे आपोआपच उघडी पडत गेली.

सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानदारांनीच निरोप धाडला की, आमचे कार्ड प्राधान्यात आले आहे. मशीनवर माझा अंगठा तिसऱ्या वेळी लागला. सुईने बोटांची टोके खरवडलेली असतात. मुलीचा लगेच लागला. मुलाचा मात्र काही केल्या लागेना, कारण पंधराव्या वर्षी आधारवरील ठसे नव्याने द्यावे लागतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. त्याला आधार केंद्रावर नेऊन ठसे अद्ययावत केले आणि त्यानंतर त्याचीही ई-केवायसी झाली. त्या महिन्याचे धान्य तोवर माझ्या अंगठ्यावर मिळाले होते: ९ किलो तांदूळ, ६ किलो गहू, आणि पावतीवर देय रक्कम शून्य. गव्हात थोडे खडे होते.

गेल्या महिन्यात दीर घरी आले होते. थोरल्या मुलाचे लग्न झाले आहे, त्याचे कार्ड वेगळे करावे म्हणतो, कागद कोणते लागतील, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "भाऊजी, कागद मी लिहून देते, पण नावे कमी करण्याआधी तहसीलमध्ये इष्टांक शिल्लक आहे का ते विचारून या."