मुलींच्या बाजूची कडी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'आपण मिळवलेल्या बक्षिसांविषयी लिहा' असा निरोप आला. बक्षिसं ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहेत, ज्याला हवी त्याने मोजावीत. मला आठवते ती मुलींच्या बाथरूमची मोडकी कडी.

१९९४ साली मी नववीत होते. ८०० आणि १५०० मीटर पळायचे. एक जण आत गेली की दुसरीने दार ओढून धरायचं, तेही मधल्या सुट्टीत, मुलांच्या देखत. त्यापेक्षा पाणीच न पिणं सोपं. पहाटे नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या, मग शाळा, आणि दुपारपर्यंत घोटभर पाणी नाही. जळजळ झाली की आई 'उन्हाळी लागली' म्हणून धण्याचं पाणी द्यायची.

खाण्याची तीच गत. अंग हलकं असेल तर पाय पळतात, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. डब्यातल्या दोन पोळ्या मी मैत्रिणीला द्यायचे. पाळी बंद झाली तेव्हा तर ब्याद टळली असंच वाटलं! आई म्हणाली, या वयात मागेपुढे होतंच.

जिल्हा स्पर्धेच्या आठवडाभर आधी डावी नडगी ठणकायला लागली. बाम चोळून पळाले. बोटाने दाबलं की रुपयाएवढ्या एकाच जागी कळ उठायची. डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर गेल्याचं सांगितलं आणि लगेच पाळीचं विचारलं. मी पी.टी.च्या बाईंकडे बघितलं, बाई माझ्याकडे. पळण्यात खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं कमजोर होतात, हे त्या दिवशी कळलं. आता याला 'रेड-एस' म्हणतात, म्हणजे खेळाडूच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव दिलं, आणि त्यात मुलगेही धरले.

बाईंनी भाषण दिलं नाही. पळून आल्या आल्या गूळ-शेंगदाणे, डब्यात नागलीची भाकरी. हजेरीवहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीच्या नावापुढे तारखांचा रकाना. तीन महिने कोरा राहिला की डॉक्टरांकडे. आणि कडी. त्यासाठी दोन अर्ज आधीच पडून होते. तिसरा न लिहिता त्यांनी मेनरोडवरून कडी आणली आणि स्क्रू स्वतः पिळले.

२०१० मध्ये आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा अख्खं नाशिक नाचत होतं. मला मात्र, सवयच म्हणा, हिच्या डब्याची काळजी कोण घेत असेल असं वाटून गेलं. परवा भाचीचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, हवं किमान १२. तोवर तिच्या कोचना ती आळशी वाटत होती.

मागच्या महिन्यात शाळेत आले, तर पाय आधी तिकडेच वळले. फरशी नवी, नळ नवे. कडी तीच, रंगाचे थर चढलेली. आत जाऊन लावून बघितली. जरा जड जाते, पण लागते.