मग कापून टाका की!

"आतडं लांब आहे म्हणतेस, मग जास्तीचं कापून का नाही टाकत?" लग्नघरी, ऑफिसात डबा खाताना, आत्याच्या फोनवर, हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्यातले निम्मे जण पुढच्याच वाक्यात एरंडेल सुचवतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. विषय पोटाचा आहे, तेव्हा जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

माणसाचं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. उजवीकडून वर चढतं, बरगड्यांखालून आडवं जातं, डावीकडे उतरतं आणि ओटीपोटात एक वळण घेऊन गुदाशयाला मिळतं. काहींचं याहून बरंच लांब असतं. पोटात जागा तर तेवढीच, मग जादाचे वेढे पडतात, बहुतेकदा त्या शेवटच्या वळणात, म्हणजे सिग्मॉइडमध्ये. रिपोर्टात 'रिडंडंट कोलन' असं लिहून येतं. माझ्या रिपोर्टात ते आलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पोट साफ न होण्याच्या वर्षानुवर्षांच्या कुरकुरीला एक नाव मिळालं होतं, शिवाय फिल्मवर बोट ठेवून दाखवता येत होतं.

गोम अशी की असे वेढे पोटात घेऊन फिरणारी कितीतरी माणसं सकाळचा चहा झाला की पाच मिनिटांत मोकळी होतात. आपलं आतडं लांब आहे हे त्यांना जन्मभर कळतही नाही. कळलंच तर दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना. नळी पुढे ढकलली की टोक जागच्या जागी आणि वेढाच ताणला जातो. माझ्या वेळी सिस्टर दोन्ही तळव्यांनी पोट दाबून उभी होती, मला आधी डाव्या कुशीवर, मग उताणं, मग पुन्हा कुशीवर केलं, आणि गुंगीतही "अजून थोडं खाली दाबा" एवढं ऐकू आलं. आतडं रिकामं करायला आदल्या संध्याकाळी लिटरच्या हिशेबात प्यायच्या त्या खारट पाण्याबद्दल लोक फार तक्रार करतात. मी करणार नाही. ज्यांचं पोट चार-चार दिवस साफ होत नाही, त्यांना त्या रात्री किती हलकं वाटतं ते त्यांनाच ठाऊक.

त्रास काय, तर तो दिसत नाही हाच मोठा त्रास. सकाळी नीट बांधलेली सलवारची नाडी दुपारी जेवणाआधीच सैल करावी लागते. पोट डमरूसारखं वाजतं, भूक असते पण जेवण नको वाटतं. जाऊन येऊनही 'झालं' असं वाटत नाही. आठवड्यातून तीनदा ते दिवसातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल, असं डॉक्टर सांगतात. पण मोजणीत बसूनही सुटका न झाल्याची ती भावना कुठल्या रकान्यात भरायची? आमच्या वैद्यबाईंनी क्रूर कोष्ठ, म्हणजे सहजी साफ न होणारं पोट, असल्याचं सांगून तूप वाढवायला सांगितलं. तेवढा काळ वरणभात मात्र झकास लागला.

खरा उलगडा झाला एका साध्या तपासणीत. एक कॅप्सूल गिळायची, तिच्यात एक्स-रेत दिसणारी 24 बारीक कडी असतात. मधल्या काळात रेचक घ्यायचं नाही. पाचव्या दिवशी पोटाचा एक्स-रे काढतात. पाच किंवा त्याहून कमी कडी उरली असतील तर आतड्याचा वेग ठीक. जास्त उरली आणि पोटभर विखुरलेली दिसली तर आतडंच संथ. खाली गुदाशयाजवळ गोळा झालेली दिसली तर बाहेर पडायच्या जागी अडचण असण्याची शंका. माझ्या फिल्मवर वेढ्यांत एखाददुसरं कडं होतं, बाकीची सगळी ओटीपोटात तळाशी, एकावर एक. म्हणजे लांबलचक आतडं आपलं काम निमूटपणे करत होतं. खंबाटकी घाटाला शिव्या घालाव्यात आणि गाड्या तुंबलेल्या निघाव्यात पुढच्या टोलनाक्यावर, त्यातली गत.

शौचाला बसल्यावर पोटाने हलका जोर द्यायचा आणि त्याच वेळी तळाचे स्नायू सैल सोडायचे, हे आपण कधी शिकलो ते कुणालाच आठवत नाही. त्यातला एक स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे एक कोन होतो. स्नायू सुटला की कोन सरळ होतो आणि वाट मोकळी. माझा स्नायू जोर दिला की सुटण्याऐवजी आवळला जातो. हे पक्कं करायला आत दाब मोजतात, आणि 50 मिली पाणी भरलेला छोटा फुगा बाहेर टाकायला सांगतात. साधारण मिनिटभरात तो पडायला हवा. माझा हलायला तयार नव्हता. बाहेर नंबर लावून बसलेल्यांचा आवाज येतोय, आत आपण फुग्याशी झटतोय, अशा वेळी माणसाचा अहंकार बराच स्वच्छ होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझं आतडं कापून हवं तेवढं आखूड केलं असतं तरी दार बंदच राहिलं असतं. म्हणूनच शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी दाराशी गडबड नाही ना, हे पाहून घेतात. आतडं खरोखरच संथ असेल आणि सगळी औषधं हरली असतील तर ऑपरेशन करतात, पण तेव्हा 'जास्तीचं' कापून भागत नाही. जवळजवळ अख्खं मोठं आतडं काढून लहान आतडं गुदाशयाला जोडतात. पाणी शोषून घेणारा अवयवच गेला की दिवसातून अनेकदा पातळ होतं, आणि पोट फुगणं काहींचं तसंच राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर्जन आर्बथनॉट लेन हे बद्धकोष्ठतेतून अंगात विष भिनतं या समजुतीने मोठी आतडी काढत असत. तो सिद्धान्त पुढे मोडीत निघाला. 'पोट साफ नाही म्हणून सगळे रोग' हे वाक्य मात्र आपल्याकडे अजून ठणठणीत आहे, आणि चूर्णाच्या डब्यांचा खप त्यावरच चालतो. त्यातल्या अनेक डब्यांत सोनामुखी असते. काम होतं, पण वर्षानुवर्षं घेत राहिलं तर आतड्याचं अस्तर काळपट पडतं. औषध थांबवलं की रंग हळूहळू जातो, एवढाच दिलासा.

माझा उपाय म्हणजे शिकवणी. बायोफीडबॅक नावाचा प्रकार असतो. आत एक बारीक नळी, समोर पडद्यावर रेघ. स्नायू आवळला की रेघ वर, सोडला की खाली. पोट फुगवून श्वास सोडत रेघ खाली आणायची. पहिल्यांदा रेघ आपल्या मर्जीने खाली आली तेव्हा मला दहावीच्या निकालाएवढा आनंद झाला. घरी पायाखाली पाट घ्यायचा, गुडघे कमरेच्या वर, म्हणजे कमोडवरही उकिडवं बसल्यासारखं होतं. देवपूजेचा पाट तिथे न्यायला सासूबाईंची साफ मनाई, म्हणून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. नाश्ता झाला की आतड्याची हालचाल वाढते, तीच माझी वेळ, त्या वेळी बाथरूमवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. डॉक्टरांनी दिलेली, आतड्यात पाणी धरून ठेवणारी पावडर रात्री घेते. इसबगोल अगदी थोडा, भरपूर पाण्याबरोबर. तो पाणी शोषून फुगतो, त्यामुळे दार नीट उघडत नसताना चमचेच्या चमचे घेतले तर गुबारा धरतो. मोड आलेली मटकी रात्री नाही, लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी एकच.

आणि हो, लांब आतड्याचं खरं भय वेगळं आहे. सैल लोंबणाऱ्या वेढ्याला कधी पीळ पडू शकतो. पोट अचानक टम्म फुगलं, कळा थांबेनात, वारा सरेनासा झाला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ओवा-हिंग करत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. बऱ्याचदा दुर्बिणीने पीळ सोडवतात, आणि तो पुन्हा पडू नये म्हणून नंतर तो वेढा काढून टाकतात. रक्त पडणं, कारण नसताना वजन घटणं, हिमोग्लोबिन उतरणं, यांनाही 'माझं आतडंच तसं' म्हणून सोडून देऊ नये. त्या 'रिडंडंट कोलन'च्या रिपोर्टाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि नवऱ्याच्याही. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत गेलो तर कळा सोसत हा सगळा इतिहास मला सांगत बसावा लागू नये.