बिलाचं बिल : आमची वाटचाल

ठाण्याच्या नौपाड्यात जिन्यापाशी आमची पाटी आहे. ती वाचून महिन्यातून एखादा तरी माणूस वर येतो आणि लाइटबिल जास्त आल्याची तक्रार सांगायला बसतो. चूक त्याची नाही, पाटीवर ‘वीज’ आणि ‘बिल’ दोन्ही शब्द आहेत. पण आम्ही तपासतो ती बिलं वकिलांची. विजेच्या कायद्यात दुरुस्ती यायची म्हटली किंवा वीज नियामक आयोगाने विनियमांचा मसुदा काढला, की वीज कंपन्या बाहेरच्या वकिलांकडून अभिप्राय घेतात, निवेदनं लिहून घेतात. त्या खर्चाचा हिशोब आमच्याकडे. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं, जावई महावितरणात आहेत.

2011 मध्ये आम्ही दोघांनी सुरुवात केली. मी एका वीज कंपनीचं लॉ डिपार्टमेंट सोडून आलेलो, अण्णा विधिमंडळ सचिवालयातून निवृत्त झालेले. सकाळच्या चहाबरोबर लोक पेपर वाचतात, अण्णा राजपत्र वाचायचे. विधेयक नुसतं पुरःस्थापित झालं, म्हणजे सभागृहात मांडलं गेलं, तरी कंपनीवाल्यांचे घाबरून फोन यायचे. त्यांना अण्णा म्हणायचे, “अहो, अजून बारसं व्हायचंय त्याचं.”

आमचं पहिलं हत्यार म्हणजे बारा इंची स्टीलची पट्टी. टाइमशीटची प्रिंट काढायची, ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक ओळ खाली सरकायचं. वाचन, चर्चा आणि ड्राफ्टिंग मिळून साडेसात तास, अशी तीन कामं एका ओळीत कोंबलेली दिसली की लाल पेन्सिल. सुनावणी झालीच नाही, नुसती तारीख पडली, तरी पूर्ण अपिअरन्स फी लावली असेल तर लाल पेन्सिल. दहा टक्के क्लार्केज, म्हणजे वकिलाच्या कारकुनाचा आकार, विमानाच्या तिकिटावरही लावलं असेल तर पेन्सिल मोडेपर्यंत.

दुसरं हत्यार खतावणी. तिच्यात वकिलाच्या नावाचं पान नसतं, कलमाच्या नावाचं असतं. ही अक्कल माझी नव्हे, अण्णांची. सभागृहात दुरुस्त्या कलमवार घेतात, त्यामुळे त्यांना दुसऱ्या पद्धतीने विचारच करता येत नसे. महापेच्या एका कंपनीची वर्षभराची बिलं अशी मांडली, तर क्रॉस सबसिडीच्या (एका गिऱ्हाइकाला महाग वीज देऊन दुसऱ्याला स्वस्त देण्याच्या) एकाच मुद्द्यावर तीन फर्मनी स्वतंत्र ‘रिसर्च’ लावलेला निघाला. तिघांचा निष्कर्षही एकच. वकिलानुसार फाइल लावणाऱ्याला हे जन्मात दिसलं नसतं.

त्या कंपनीच्या लॉ ऑफिसर मॅडम आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. मी ठाणे-वाशी लोकलने कोपरखैरणेला उतरून रिक्षाने जायचो, त्या गेटवरच्या वॉचमनला आधीच सांगून ठेवायच्या. डिसेंबर 2014 मध्ये लोकसभेत वीज दुरुस्ती विधेयक आलं, तारा एकाच्या आणि वीज विकणारा दुसरा, असं वेगळं करणारं. स्थायी समितीचा अहवाल मे 2015 मध्ये आला आणि नंतर विधेयक जागचं हललं नाही. 2019 मध्ये लोकसभा विसर्जित झाली, तिच्याबरोबर तेही व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद. पण ‘लक्ष ठेवण्याचा’ रिटेनर, म्हणजे वकिलांची बांधील फी, दरमहा चालूच होता. न हलणाऱ्या वस्तूवर लक्ष ठेवायला किती वकील लागतात? मॅडमनी एका सहीत तो बंद केला आणि अधिवेशन असेल तेवढ्याच दिवसांचे पैसे ठरवले. त्या काळात याखेरीज सांगण्यासारखं काही घडलं नाही. दोन कपाटं घेतली.

मग 17 एप्रिल 2020. टाळेबंदी चालू होती, आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने दुरुस्तीचा नवा मसुदा काढला. सूचनांना 21 दिवस. (पुढे 5 जूनपर्यंत मुदत वाढली.) कंपन्यांची वसुली आटलेली, वरून हुकूम आलेला की खर्च कापा. आमची चार गिऱ्हाइकं होती, त्यातली तीन पंधरा दिवसांत गेली. कुठे, तर आमच्याच टेबलावर दोन वर्षं शिकलेल्या मुलाकडे. नाव घेत नाही. आम्ही महिन्याचे ठरलेले पैसे घ्यायचो, तो म्हणाला, वाचेल त्यातले 20 टक्के द्या. अशा दिवसांत फायनान्सवाल्यांना ते गोड लागणारच.

राग त्या मुलाचा नाही. एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याचा तक्ता चुकून मला फॉरवर्ड केला, राग त्या तक्त्याचा आहे. तारीख, काम, तास, दर, कलम, सगळे कॉलम इंग्रजीत, आणि शेवटच्या कॉलमवर देवनागरीत एकच शब्द, ‘का?’. हा खर्च का, असं विचारणारा तो अण्णांनी काढलेला कॉलम. पठ्ठ्याने पुसायचीही तसदी घेतली नव्हती. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, “प्रश्नचिन्ह ठेवलं ना, मग बरं.” मला काही बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तीन महिन्यांचं भाडं थकलं. अण्णांनी एक एफडी मोडली, मला आठवड्यानंतर कळलं. राहिल्या फक्त मॅडम. ऐरोलीच्या घरून त्या बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायच्या, प्रिंटची दुकानं बंद, म्हणून मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर पट्टी धरून वाचायचो. दर सात तारखेला पैसे जमा. एकदा आठ झाली, तर त्यांचाच फोन, सॉरी म्हणून.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. टक्केवारीवर बिल तपासणारा ठेवू नका. त्याला मुळात बिल फुगलेलंच हवं असतं, नाहीतर तो कापणार काय? शिवाय मोठा आकडा दिसला की तो कापतो, मग ते खरं काम का असेना. वकीलही खुळे नसतात, पुढच्या वेळी कामाला ज्युनिअर बसवतात. हिवाळी अधिवेशनाला माणूस नागपूरला जाणार असेल, तर प्रवासाच्या तासांचं काय, हे वकील नेमतानाच्या एंगेजमेंट लेटरमध्येच लिहून घ्या, विमानात बसल्यावर नाही. आणि जीएसटी विसरू नका. वकिलाच्या फीवरचा 18 टक्के रिव्हर्स चार्जने कंपनीच भरते, आणि वीज जीएसटीतून माफ असल्याने त्याचं क्रेडिट मिळत नाही. लाखाचं बिल एक लाख अठरा हजारांना पडतं. हे मी दोन सीएंनाही समजावलंय.

गेलेल्यांपैकी एक गिऱ्हाईक 2022 मध्ये परत आलं, ऑगस्टात लोकसभेत पुन्हा विधेयक आल्यावर. अण्णा तोवर नव्हते.

ऑक्टोबर 2025 मध्ये आणखी एक मसुदा निघाला. मॅडम आता दुसऱ्या कंपनीत आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, “अण्णांची ती खतावणी अजून वापरता ना?” वापरतो म्हटलं, आणि दर सांगितला तो 2020 चाच. हिशोब आमची ही बघते. फोन ठेवेपर्यंत ती समोर येऊन उभी होती.