सोळा रिंगा आणि एक वाया

आजचा अख्खा शनिवार शेजारच्या गॅरेजात गेला. इथे मिशिगनमध्ये शेजारचे आजोबा 1969 ची कॅमारो, म्हणजे शेवरलेची स्पोर्ट्स गाडी, पुन्हा उभी करताहेत. इंजिन मूळचं शेवरलेचं 350 घन इंचाचं. त्यात 400 च्या इंजिनाचा क्रँक (पिस्टनला वरखाली करणारा दांडा) घातला, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 30 थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) वाढवला, आणि झालं 383 घन इंच. हिशेब केला तर एका सिलिंडरचे 784 सीसी येतात. आपल्या मारुती 800 चं सगळं इंजिन 796 सीसीचं! मी हसलो, आजोबांना विनोद कळला नाही.

मोठ्या क्रँकमुळे फिरताना कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट इंजिनाच्या ब्लॉकला घासतात, म्हणून आतून कडा थोड्या ग्राइंड कराव्या लागतात. ते त्यांनी आधीच उरकलं होतं. माझ्या वाट्याला आल्या रिंगा. आठ पिस्टन, प्रत्येकी दोन कॉम्प्रेशन रिंगा, म्हणजे पिस्टनभोवती बसून वायू अडवणाऱ्या कड्या. सिलिंडरमध्ये रिंग सरळ बसवायची, फीलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घालून रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजायची, बाहेर काढून टोक घासायचं, परत मोजायचं. हवी होती 18 थाऊ. फट कमी ठेवली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनच फुटतो.

अकराव्या रिंगला गप्पांच्या नादात हात जास्त चालला. 26 थाऊ! आजोबांनी काही न बोलता फळीवरून जादा रिंगेची पुडी काढली. म्हणजे त्यांना आधीच अंदाज होता तर.

रात्री वरणभात खाताना बोटांना अजून ऑइलचा वास येत होता. बायको म्हणाली, चमच्याने खा.