तुम्ही विचारलंत म्हणून: ते विमान गेलं कुठं?

“मंग ते इमान मिल्ट्रीत गेलं का नाई?”

गावी परतून मला तीन वर्षं झाली. बंगळूरच्या कारखान्यात मी ज्या विमानाचे भाग घडवायचो त्याबद्दलचा हा प्रश्न दारव्ह्याच्या बाजारात विचारून झाला, लग्नाच्या पंगतीत झाला, एकदा तर मयतीहून परतताना वाटेत झाला. नाही गेलं. जायचंच नव्हतं. असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग इतकी वर्षं बंगळूरला राहून केलंस काय?

कोणत्या कामाचे भाग आमच्या कारखान्यात होत, ते मी लिहिणार नाही. तशी सही करून आलोय. एवढं सांगता येईल की रडारला कमीत कमी दिसेल अशा लढाऊ विमानाचे प्रयोग होते आणि त्यासाठी लागणारी कार्बन फायबरची पॅनेल आम्ही घडवायचो. अशा प्रयोगाच्या विमानाला टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर म्हणतात. मी गावात त्याला प्रात्यक्षिक म्हणतो. कृषी सहायक दरवर्षी कोणाच्या तरी एकरात बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, सोयाबीन पेरून दाखवतो, ते तुम्हाला माहीत आहे. त्या एकरावर गाव जगत नाही, पण पुढच्या वर्षी कसं पेरायचं ते कळतं. हे ऐकून आमच्या शेजारचे काका म्हणाले, “प्रात्यक्षिकाचं सोयाबीन घरी तरी येते ना, बाबू.” त्यांचं बरोबर आहे. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही.

जपानचंच घ्या. त्यांना अमेरिकेचं रडार चुकवणारं एफ-२२ हवं होतं, पण ते परदेशी विकायला अमेरिकेच्या कायद्यानेच बंदी. मग त्यांनी स्वतः एक्स-२ हे प्रयोगाचं विमान बांधलं. ते २२ एप्रिल २०१६ला नागोयाहून उडालं आणि गिफूच्या हवाई तळावर उतरलं. उडणारं विमान एकच, लढाईसाठी नाहीच. दोनेक वर्षांत चाचण्या संपल्या, तेव्हा तिकडेही कोणीतरी विचारलंच असेल, गेलं कुठं म्हणून. डिसेंबर २०२२मध्ये जपानने ब्रिटन आणि इटलीबरोबर नवं लढाऊ विमान करायचं जाहीर केलं. त्या बैठकीत ते रिकाम्या हातांनी गेले नसणार, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेचं हॅव्ह ब्लू, तेही प्रयोगाचंच, १९७७चं. दोनच विमानं बांधली आणि दोन्ही पडली. वैमानिक वाचले. त्यातून जे कळलं त्यावर रडार चुकवणारं एफ-११७ हे लढाऊ विमान उभं राहिलं आणि १९८१मध्ये उडालं. आपल्या तेजसचं पहिलं प्रात्यक्षिकाचं विमान टीडी-१ ४ जानेवारी २००१ला बंगळूरला उडालं, आणि हवाई दलात तेजसची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहायला २०१६ उजाडलं. टीडी-१ स्वतः कधी स्क्वाड्रनमध्ये गेलं नाही. ते वाया गेलं, असं कोणी म्हणेल का?

इतका वेळ का लागतो, तेही ऐका. विमानावरून रडारकडे परत जाणारा प्रतिध्वनी निम्मा केला म्हणजे रडारला निम्म्या अंतरावरूनच दिसेल, असं वाटतं. तसं होत नाही. अंतर निम्मं करायचं तर प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर आणावा लागतो. म्हणून आकार असा वळवायचा की रडारची लाट भलतीकडेच जावी, इंजिनाचं तोंड वाकड्या नळीमागे लपवायचं आणि जोडावरची प्रत्येक फट बुजवायची. हॅव्ह ब्लूच्या एका चाचणीत तीन स्क्रू नीट बसले नव्हते, डोकी जराशी वर होती. तेवढ्याने विमान रडारवर लख्ख दिसलं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगत.

आता ती रात्र. २०१७चा पावसाळा सरत आला होता. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते मी तुम्हाला काय सांगू. कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर पडत होतं. बाबांनी तोंडाला दुपट्टा बांधला होता, पाय उघडे होते.

मी तेव्हा क्लीनरूममध्ये. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर पांढरा पोशाख. तो पोशाख माझ्यासाठी नव्हता. माझ्या बोटांचं तेल, माझा केस कार्बनच्या कापडाला लागू नये म्हणून होता. हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. नंतर आलं, आणि गेलेलं नाही.

राळ भरलेलं कार्बनचं कापड उणे अठराच्या फ्रीजरमध्ये राहतं. बाहेर काढलं की त्याचे तास मोजायला लागतात. तास संपले की माल बाद. थरावर थर बसवत जायचं. प्रत्येक थराच्या पाठीवर पातळ फिल्म असते, ती सोलायची आणि भिंतीवर लावायची. शेवटी मोजायच्या: जितके थर, तितक्या फिल्म. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. साडेसहाला सुपरवायझर काचेशी आला. घरून फोन आला होता, वडिलांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलंय. मी जाऊ का म्हणालो. तो म्हणाला, “हे संपवून जा, मालाचे तास भरत आलेत.” त्याच्यावर मी पुष्कळ वर्षं राग धरला. पण दाराला कुलूप नव्हतं.

नऊला फिल्म मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या. एक कमीच. फिल्म आत राहिली तर ते दोन थर एकमेकांना कधीच धरत नाहीत. बोलायचं की नाही? गप्प बसलो असतो तर रात्रीच्या गाडीने निघालो असतो. मी बोललो. मग एकेक थर उचलत खाली गेलो, आणि तिसऱ्या-चौथ्या थराच्या मध्ये ती सापडली, तळहाताएवढी. सोललेली होती, पण भिंतीवर न जाता आत गेली होती. तो थर मीच बसवला होता, फोन येण्याच्या आधी. म्हणजे काळजीने हात चुकला, असंही म्हणता येत नाही. पुन्हा सगळं बसवलं, व्हॅक्यूम बॅग घातली. पॅनेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, गेलं तेव्हा पहाट झाली होती.

दवाखान्यात पोचलो तो तिसरा दिवस. बाबा शुद्धीवर आले होते, पण मला आवाजावरून ओळखलं. डोळ्यांपुढे अंधारी होती. ते वाचले. नजर पुष्कळशी परतली, हाताची थरथर राहिली. ते काही बोलले नाहीत. आई एकदाच बोलली, तेही दवाखान्याच्या जिन्यात: “तिथं तुले कोनी बांधून ठेवलं होतं का रे?”

आणि ते पॅनेल विमानाला लागलं नाही. ते चाचणीच्या सांगाड्यात धरून मोडेपर्यंत वाकवण्यासाठीच होतं. किती भाराला मोडतं, तो आकडा हवा होता. आत फिल्म राहिली असती तर तो आकडा खोटा निघाला असता, आणि खोट्या आकड्यावर पुढे कोणीतरी खऱ्या विमानात बसला असता. हे मी आईला समजावून सांगितलं आहे. तिने ऐकून घेतलं.

चोविसाव्या वर्षी कोणी विचारलं, हे काम कशासाठी, तर मी म्हणायचो, “देशासाठी.” समोरचा गप्प व्हायचा आणि मला ते आवडायचं. आज तो पोरगा भेटला तर सांगेन की हे उत्तर नव्हे, समोरच्याचं तोंड बंद करणं आहे. पण तो उलट विचारेल, “मग खोटं होतं का ते?” खोटंही नव्हतं. मार्च २०२४मध्ये आपल्या स्टेल्थ, म्हणजे रडार चुकवणाऱ्या, विमानासाठी, एएमसीएसाठी, सुमारे १५,००० कोटी मंजूर झाले. ती बातमी मी बांधावर उभा राहून मोबाइलवर वाचली आणि डोळे भरून आले. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीपुढे एकाने विचारलं, एवढ्यात किती विहिरी झाल्या असत्या? मला हिशेब येतो. मी केला नाही.

पुतण्या सध्या आयटीआय करतो. परवा म्हणाला, “काका, मले दाखवा ना ते थर कसे बसवत.” ओसरीवर जुने पेपर घेतले, खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक कापून फिल्म केल्या. तो थर लावत गेला, मी फिल्म भिंतीला टेकवून मोजत गेलो. आई तांदूळ निवडत बसली होती. सतराव्या थराला त्याची एक फिल्म कमी भरली. मी म्हणालो, “उचल सगळे.” आई सूप घेऊन उठली आणि आत गेली.